नवरा बॉर्डरवर, समन्स माझ्या हातात. फौजीच्या घरच्यांना कोर्टकचेरीत मदत कुठं मिळते?

सातारची_सून
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे हे हवालदार आहेत, सतरा वर्षं सर्व्हिस झाली, सध्या अरुणाचलला पोस्टिंग आहे, जिथं आहेत तिथं आठ आठ दिवस फोन लागत नाही. गावी सासूबाई, मी आणि दोन पोरं. गेल्या मंगळवारी दुपारी मी अंगणात शेंगा वाळत घालत होते तेव्हा कोर्टाचा बेलीफ आला, ह्यांचं नाव वाचलं, घरी आहेत का विचारलं, मी म्हटलं ड्युटीवर आहेत, तर म्हणाला मग तुम्ही सही करा. मी केली. हात मातीचे होते, कागदाला डाग पण पडला. संध्याकाळी पोरानं वाचून दाखवलं तेव्हा कळलं की चुलत सासऱ्यांनी वाटणीचा दावा लावलाय, विहिरीखालच्या दीड एकरावर. ती जमीन सासऱ्यांची, ते गेल्यावर वारस नोंद होऊन ह्यांच्या आणि सासूबाईंच्या नावावर आली, सातबारा आमच्याकडं आहे.

तारीख तीन आठवड्यांच्या आत आलीय. सुट्टी मंजूर नाही. तालुक्याला एका वकिलांकडं गेले तर त्यांनी आधी पंचवीस हजार ठेवा म्हटलं आणि मिस्टरांना तारखेला हजर राहावंच लागेल, नाहीतर एकतर्फी होईल असं सांगितलं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. ह्यांना सांगावं तर तिकडं रायफल घेऊन उभ्या माणसाच्या डोक्याला ताप, न सांगावं तर जमीन जायची भीती. फौजेची स्वतःची काही वकिलांची सोय असते का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.


पेन्शनर_सुभेदार
मंगळवार, रात्री ११:१५

ताई, आधी सासूबाईंना जेवायला घाला. मी २८ वर्षं फौजेत होतो, त्यातली निम्मी युनिटच्या ऑफिसात क्लार्क म्हणून, अशी समन्सं शेकड्यानं बघितलीत.

पहिली गोष्ट, मिस्टरांना लगेच सांगा. लपवू नका. जवानाला घरचा त्रास उशिरा कळला की जास्त लागतो. त्यांचा फोन लागत नसला तरी युनिटच्या सुभेदार मेजर साहेबांचा नंबर फॅमिली ग्रुपवर असतो, त्यांना समन्सचा फोटो पाठवा, दोन्ही बाजू, तारीख आणि दाव्याचा नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. शिवाय कमांडिंग ऑफिसरच्या नावानं साधा अर्ज लिहून समन्सची झेरॉक्स जोडून स्पीड पोस्टनं ९९ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, पत्त्यावर टाका. पावती जपून ठेवा. मराठीत लिहिलं तरी चालतं, पण जमलं तर हिंदीत लिहा.

दुसरी गोष्ट, आर्मी अॅक्ट १९५० चं कलम ३२. हे कलम किती जवानांना माहीत नसतं म्हणून सांगू. कोर्टाच्या कामासाठी जवानानं सुट्टी मागितलीय किंवा सुट्टी मिळालीय असं सर्टिफिकेट युनिटनं दिलं आणि ते कोर्टात अर्जासोबत लावलं तर कोर्टानं शक्य तितकं त्या सुट्टीच्या काळात प्रकरण चालवून संपवायचं असतं. सहा ओळींचं पत्र असतं हो. नंबर, रँक, नाव, दाव्याचा नंबर, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सुट्टी, खाली सही आणि गोल शिक्का. मी स्वतः किती टाईप केलीत. ज्यांनी मागितलं त्यांनाच मिळालं, आपणहून कुणी देत नाही.


काळा_कोट
बुधवार, सकाळी ८:०५

मी वकील आहे, दिवाणी कामं करतो. सुभेदार साहेबांनी बरोबर सांगितलंय, त्यात थोडी भर.

ताई, तुमच्या बेलीफनं तुमची सही घेतली इथंच एक मुद्दा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ५ रूल २८ आहे, प्रतिवादी सैनिक असेल तर समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडं पाठवायचं असतं, बजावणी तिथून व्हायची असते. वादीला, म्हणजे तुमच्या चुलत सासऱ्यांना, पुतण्या फौजेत आहे हे चांगलं माहीत आहे, तरी गावचा पत्ता दिला. हे कोर्टाच्या नजरेला आणायचं. पण ह्या मुद्द्याच्या भरवशावर घरी बसू नका, हात जोडून सांगतो. समन्स चुकीचं बजावलं म्हणून आपण गेलोच नाही आणि मग हुकूम झाल्यावर तो रद्द करायला दोन वर्षं पळालो, अशी माणसं मी बघतो.

आता सुट्टीच मिळाली नाही तर? त्यासाठी त्याच संहितेत ऑर्डर २८ आहे, खास फौजींसाठीच. सुट्टी मिळत नसेल तर जवान कुणालाही, तुम्हाला किंवा सासूबाईंना, आपल्या वतीनं दावा लढायचा लेखी अधिकार देऊ शकतो. ते पत्र त्यानं सीओच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, समोर सही करायचं, सीओनं त्यावर प्रतिस्वाक्षरी करायची, आणि ते कोर्टात दाखल करायचं. सीओची सही हाच पुरावा, सुट्टी मिळू शकत नाही याचाही. मग तुम्ही स्वतः वकीलपत्रावर सही करून वकील लावू शकता. म्हणजे मिस्टरांना हजर राहावंच लागेल हे जे तुम्हाला सांगितलं ते पहिल्या तारखेपुरतं तरी खरं नाही. साक्ष द्यायची वेळ येईल तेव्हा ते लागतील, तेव्हा कलम ३२ वापरा, सुट्टी बघून तारीख मागून घ्या.

कैफियत म्हणजे आपलं लेखी म्हणणं ३० दिवसांत द्यायचं असतं, कोर्ट कारण बघून ९० पर्यंत वाढवतं. सातबारा, जुने फेरफार, सासऱ्यांच्या वेळची वाटणी झाली असेल तर तो कागद, सगळं काढून ठेवा. आधीच्या पिढीत वाटणी झाली होती का, कशी झाली, हाच ह्या दाव्याचा गाभा असणार. आणि सासूबाईंचं नाव सातबाऱ्यावर आहे तर त्यापण प्रतिवादी असतील, त्यांचं समन्स आलं का बघा.


बाणेरचा_पोरगा
बुधवार, सकाळी ९:३०

एक शंका, आर्मीत जॅग ब्रँच असते ना, कायद्याचे अधिकारी? ते जवानाची केस फुकट लढत नाहीत का? माझी मावसबहीण अमेरिकेत असते, तिचा नवरा तिकडच्या आर्मीत आहे, त्यांच्या बेसवर लीगल असिस्टन्स ऑफिसच असतं, मृत्युपत्र, पॉवर ऑफ अॅटर्नी सगळं तिथं बिनपैशात करून देतात, बायकोला पण जाता येतं.


पेन्शनर_सुभेदार
बुधवार, सकाळी १०:१०

नाही बाळा, आपल्याकडं जॅग ब्रँच ही फौजेची वकील, जवानाची नव्हे. कोर्ट मार्शल, शिस्तीची प्रकरणं, कमांडरला सल्ला ही त्यांची कामं. जवानाच्या घरच्या बांधाच्या भांडणात ते कोर्टात उभे राहत नाहीत. आपल्याकडं हे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयावर येतं. तिथले अधिकारी कलेक्टर, तहसीलदार, एसपी यांना पत्र लिहितात. सीओचं कलेक्टरना डीओ लेटर, म्हणजे अधिकाऱ्याचं अधिकाऱ्याला नावानं पत्र, पण जातं, आणि जातं तेव्हा फरक पडतो, तलाठी दुसऱ्या दिवशी फोन करतो. पण पत्र म्हणजे वकील नव्हे, कोर्टात उभा राहणारा माणूस लागतोच. तो माझ्या वेळी ज्याचा त्यानं शोधायचा.


विधी_स्वयंसेवक
बुधवार, दुपारी १:२०

ह्यात आता बदल झालाय म्हणून लिहितेय. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पॅरालीगल व्हॉलंटिअर आहे. नाल्सा म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना २०२५ काढलीय, २६ जुलै २०२५ ला कारगिल विजय दिनी श्रीनगरला सुरू झाली. नोकरीतले जवान, माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठीच आहे. सैनिक कल्याण कार्यालयातच लीगल क्लिनिक, तिथं पॅनेलवरचा वकील आणि आमच्यासारखे स्वयंसेवक बसायचे अशी रचना आहे. म्हणजे ज्या ऑफिसात पेन्शनच्या कामाला जाता तिथंच कायद्याचं विचारायचं.

ताई, तुम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, मिस्टरांच्या ओळखपत्राची झेरॉक्स किंवा तुमचं डिपेंडंट कार्ड, समन्स आणि सातबारा घेऊन. तिथं क्लिनिकचा दिवस कोणता ते विचारा. जमलं नाही तर जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं सरळ अर्ज. घरून करायचं तर १५१०० ला फोन लावा, टोल फ्री आहे.

अजून एक, आपल्याकडं मोफत वकिलासाठी उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे, म्हणून जवान लोक येतच नाहीत, पगार जास्त म्हणून. पण बाईला ही मर्यादा नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, महिलेला उत्पन्न कितीही असो मोफत मदत मिळते. तुमच्या सासूबाई प्रतिवादी आहेत ना, त्यांच्या नावानं आजच्या आज अर्ज होऊ शकतो, कुठला दाखला न काढता.


रस्त्यालगतची_जमीन
बुधवार, रात्री ९:००

ताई तुमचा धागा वाचून राहवलं नाही. मी रिटायर्ड हवालदार, सोलापूर जिल्हा. माझं उलटं झालं, मला कागद लवकर करायची घाई झाली. २००६ साली मी जम्मूला होतो, घरचं कुणीतरी सांभाळायला पाहिजे म्हणून थोरल्या भावाला कुलमुखत्यारपत्र देऊन टाकलं, सगळे अधिकार, विकण्याचा पण. वाचलंच नाही, स्टॅम्प पेपर आला, बस पकडायची होती, सही केली. पुढच्या सुट्टीला आलो तर रस्त्याकडेचे नऊ गुंठे दुसऱ्याच्या नावावर, तिथं पत्र्याचं शेड उभं. भाऊ म्हणाला कर्ज होतं. भावाशी कोर्टात भांडायचं माझ्यानं झालं नाही, आईच्या देखत. ती जमीन गेली ती गेली.

म्हणून नव्या पोरांना माझं एवढंच सांगणं, मुखत्यारपत्र द्या पण खास द्या, एका कामापुरतं. अमुक गटाचा फेरफार, अमुक दावा, एवढंच लिहा, विकणे गहाण ठेवणे हे शब्द खोडून टाका.


काळा_कोट
बुधवार, रात्री ९:४५

दादा, वाईट वाटलं वाचून. तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक भरतीच्या पोराला छापून द्यावं असं आहे.

पुढं कुणाला लागेल म्हणून सांगतो, जमिनीचा दस्त गावी नोंदवायला मुखत्यारपत्र लागत असेल तर ते जवान जिथं राहतोय तिथल्याच दुय्यम निबंधकासमोर करता येतं, नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मध्ये सोय आहे. त्यासाठी गावी यायची गरज नाही. आणि दाव्यापुरतं असेल तर वर सांगितलेलं ऑर्डर २८ चं अधिकारपत्र पुरतं, त्यात विकण्याचा प्रश्नच येत नाही. ताईंच्या बाबतीत तेच करा.


निनावी_आयडी
गुरुवार, पहाटे १२:३०

मी दुसऱ्या बाजूचं विचारू का, रागावू नका कुणी. माझा नवरा फौजेत आहे, नायक. दीड वर्षापासून मला आणि मुलीला घरात ठेवलं नाही, पैसे पाठवत नाही. मी माहेरी आहे. फौजी म्हटलं की सगळे त्याचीच बाजू घेतात, वडील म्हणतात त्याची नोकरी जाईल, तक्रार करू नको. मला त्याची नोकरी घालवायची नाही, मुलीची फी भरायचीय फक्त.


पेन्शनर_सुभेदार
गुरुवार, सकाळी ६:५०

पोरी, तू का घाबरतेस. फौजेची फॅमिली म्हणजे तू पण. तुझ्या अर्जानं त्याची नोकरी जात नाही, हा घरोघरचा गैरसमज आहे. बायकामुलांना न सांभाळणाऱ्या जवानाच्या पगारातून पोटगी कापायची तरतूद आर्मी अॅक्टमध्येच आहे. तू सरळ त्याच्या कमांडिंग ऑफिसरला अर्ज लिही, लग्नाचा पुरावा, मुलीचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक जोड, किती महिने पैसे नाहीत ते तारखांसकट लिही. युनिट त्याला कारणे दाखवा नोटीस देतं, त्याचं म्हणणं घेतं, मग प्रकरण वर जातं. बायकोला २२ टक्क्यांपर्यंत, मुलाला प्रत्येकी ५.५ टक्के, सगळं मिळून ३३ टक्क्यांच्या वर नाही, असं आमच्या वेळेपासून चालत आलंय. मी अशा किती फाईली वर पाठवल्यात, कुणाची नोकरी गेल्याचं मला आठवत नाही.


विधी_स्वयंसेवक
गुरुवार, सकाळी ९:१५

ताई, युनिटला अर्ज केला म्हणून कोर्टाचा रस्ता बंद होत नाही, दोन्ही करता येतं. तुम्ही माहेरी राहता तिथल्याच कोर्टात पोटगीचा अर्ज होतो, त्याच्या गावी जायला लागत नाही. वकील मोफत, तुम्ही महिला आहात एवढं पुरे. मला मेसेज करा, तुमच्या तालुक्याच्या विधी सेवा समितीचं ऑफिस कुठं आहे ते सांगते. आणि हो, वीर परिवार योजनेत कुटुंब म्हटलंय, त्यात तुम्ही आहात.


एक_वीरपत्नी
गुरुवार, संध्याकाळी ५:३०

मी कमी लिहिते इथं. माझे मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. कोर्टाचं काम मला पडलं नाही पण कागदाचं पडलं. त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डला माझं नाव लग्नाआधीचं, तेही वेलांटी चुकलेली, आधारला सासरचं, बँकेत तिसरंच. तीन नावं म्हणजे ऑफिसच्या लेखी तीन बायका. फॅमिली पेन्शन सुरू व्हायला अकरा महिने गेले. त्या काळात दोन मुलांना घेऊन मी चौदा वेळा जिल्ह्याला गेले, डायरीत लिहून ठेवलंय. शेवटी सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका बाईंनी शेजारी बसवून प्रतिज्ञापत्र करून घेतलं, दोन्ही नावांची व्यक्ती एकच म्हणून, आणि त्यांनी स्वतः पाठपुरावा केला.

सातारची सून, तुमचे मिस्टर सुट्टीला आले की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्न, मुलं यांची सर्व्हिस रेकॉर्डला होणारी नोंद, झालीय का, त्यात तुमचं आणि मुलांचं नाव कसं लिहिलंय, जन्मतारखा काय आहेत हे आधार शेजारी ठेवून ताडून बघा. पीएफ, ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन लग्नानंतर बदललंय का तेही बघा, माझ्या ओळखीत एकीच्या नवऱ्याचं नॉमिनेशन लग्नाआधीचं आईच्याच नावावर होतं आणि मग सासूसुनेत जे झालं ते लिहवत नाही. आणि त्यांना मृत्युपत्र करायला सांगा, साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या. अभद्र वाटतं, मला पण वाटलं होतं, विषय काढला की मी उठून आत जायचे. तेव्हा ऐकलं असतं तर बरं झालं असतं.


पेन्शनर_सुभेदार
गुरुवार, संध्याकाळी ६:०५

ताई, नमस्कार करतो तुम्हाला.

हे नावाचं दुखणं फार मोठं आहे, स्पर्श, म्हणजे पेन्शनची ऑनलाइन सिस्टीम, आल्यापासून तर आणखी, तिथं एक अक्षर जुळलं नाही की गाडी अडते. सर्व्हिसमध्ये असताना दुरुस्ती म्हणजे क्लार्ककडं एक अर्ज. रिटायर झाल्यावर तीच दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिस, पेन्शन ऑफिस असे हेलपाटे. मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला, आपलं कुठं आहे ते बायकोला माहीत पाहिजे, नंबरासकट.


पुण्यातली_खोली
शुक्रवार, सकाळी ११:००

विषय थोडा वेगळा, पण फौजींचाच. वडील नेव्हीतून रिटायर झाले, पुण्यात जुनी दोन खोल्यांची जागा, भाडेकरू चाळीस वर्षांपासूनचा, जात नाही. वडिलांना आता तिथंच राहायचंय, गावी दवाखाना नाही. काही होतं का?


काळा_कोट
शुक्रवार, दुपारी २:१०

होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २३ वाचा. घरमालक सैन्यदलात असेल किंवा होता, आणि त्याला स्वतःला राहायला जागा खरोखर हवी असेल, तर ताबा मिळवायची खास तरतूद आहे. ते फौजेत होते आणि त्या भागात राहण्यालायक दुसरी जागा त्यांच्याकडं नाही असं अधिकृत सर्टिफिकेट घ्यायचं, कोर्टात तेच पुरावा ठरतं. जवान गेला असेल तर त्याच्या विधवेलाही ही सोय आहे. आधी नेव्हीच्या ऑफिसातून सर्टिफिकेट कोण देतं ते विचारा, मग वकील गाठा.

आणि पेन्शन, डिसॅबिलिटी, प्रमोशन असले नोकरीतले वाद साध्या कोर्टात नाही, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये जातात, आपलं मुंबई खंडपीठ, महाराष्ट्र गुजरात गोवा तिघांसाठी. विभागानं अंतिम नकार दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं असतं, नकाराचं पत्र कपाटात ठेवून देऊ नका. अपंगत्व २० टक्के ठरलं तर ते ५० धरून पेन्शन मिळते, सुप्रीम कोर्टानं २०१४ साली राम अवतार प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं, तरी अजून कित्येकजण २० टक्क्यांवरच घेतायत.


सातारची_सून
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:२०

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. काय झालं ते सांगते.

सुभेदार काकांनी सांगितलं तसं सुभेदार मेजर साहेबांना फोटो पाठवला, त्याच रात्री त्यांचा फोन आला, बहनजी चिंता मत करो म्हणाले. दोन दिवसांनी हे बोलले, मला वाटलं चिडतील, तर म्हणाले लपवलं नाहीस ते बरं केलंस. सुट्टी लगेच नाही मिळाली, पण ऑर्डर २८ चं पत्र सीओ साहेबांसमोर सही होऊन स्पीड पोस्टनं आलं, तारखेच्या चार दिवस आधी. खाली हिरव्या शाईत सही आणि गोल शिक्का. सासूबाईंनी ते पाकीट आधी देवापुढं ठेवलं.

सैनिक कल्याण कार्यालयात गेले तर पहिल्या दिवशी क्लिनिक नव्हतं, दुसऱ्या खेपेला भेट झाली. वकील बाई मिळाल्या, माझ्यापेक्षा लहान असतील वयानं, पण सातबारा आणि जुने फेरफार एकेक वाचले, १९८३ चा वाटणीचा फेरफार त्यांनीच शोधून काढला. आम्हाला तो कागद आहे हेच माहीत नव्हतं.

तारखेला मी आणि सासूबाई दोघी गेलो. वकील बाईंनी ऑर्डर ५ रूल २८ चं पण लिहून दिलं. जज्ज साहेबांनी सीओ साहेबांचं पत्र वाचलं, वर बघितलं आणि विचारलं, कुठं आहेत ते सध्या? मी म्हटलं अरुणाचलला. त्यांनी कैफियतीला मुदत दिली. हे आता मार्चमध्ये येतायत, युनिटचं कलम ३२ चं सर्टिफिकेट त्यांनी मागून ठेवलंय, वकील बाई त्यावर अर्ज देणार आहेत म्हणजे साक्ष सुट्टीतच होईल. चुलत सासरे कोर्टाच्या बाहेर भेटले, सासूबाईंशी बोलले नाहीत.

वीरपत्नी ताई, तुमचं वाचून मी ह्यांना पार्ट टू ऑर्डरचं विचारलं. धाकट्याचं नावच नाहीय त्यात. तो चार वर्षांचा झाला.


पेन्शनर_सुभेदार
रविवार, रात्री ९:५५

मग मार्चची वाट बघू नका. धाकट्याच्या जन्मदाखल्याची अटेस्टेड कॉपी उद्याच पाठवा, अर्जाचा मसुदा मी मेसेजमध्ये देतो.